व्हिक्सेलवर चांदीचा पातळ आरसा: हिशेब आणि हातकाम

व्हिक्सेल, म्हणजे वेफरच्या पृष्ठभागातून सरळ वर प्रकाश सोडणारा अर्धवाहक लेसर. त्याच्या माथ्यावर धातूचा पातळ थर द्यायचा आणि आरसा व इलेक्ट्रोड ही दोन्ही कामं त्या एकाच थराकडून करून घ्यायची, ही कल्पना जुनी आहे. बेल लॅब्समधल्या संशोधकांनी 1990 मध्येच अर्धपारदर्शक धातूचे आरसे वापरून चांगली क्वांटम एफिशियन्सी (आत घातलेल्या इलेक्ट्रॉनांमागे बाहेर मिळणाऱ्या प्रकाशाचं प्रमाण) मिळवून दाखवली होती. तरीही क्लीनरूममध्ये नव्याने येणारी एम.टेक., पीएच.डी.ची मुलं मला विचारतात, "मॅडम, धातू तर प्रकाश खातो. मग एफिशियंट लेसरमध्ये तो ठेवायचाच कशाला?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर आकड्यांतच सापडतं. म्हणून आधी कागदावरचा हिशेब आणि मग हातकाम, अशा क्रमाने लिहिते. उदाहरण सगळीकडे एकच घेते: गॅलियम आर्सेनाइडवर वाढवलेला, इंडियम गॅलियम आर्सेनाइडच्या क्वांटम वेल्स (प्रकाश निर्माण करणारे अतिपातळ थर) असलेला, 980 नॅनोमीटरचा लेसर.

सर्वांत आधी ठरवायचं ते हे, की प्रकाश कुठल्या बाजूने बाहेर काढायचा. 980 नॅनोमीटरला गॅलियम आर्सेनाइड पारदर्शक असतं, त्याची शोषणाची सीमा 870 च्या आसपास आहे. त्यामुळे इथे प्रकाश खालून, सबस्ट्रेटमधून (थर ज्यावर वाढवले त्या जाड वेफरमधून) काढता येतो. तसं केलंत तर वरचा धातू दोन-तीनशे नॅनोमीटर जाड द्या, मागचा आरसा म्हणून वापरा, काम सोपं आहे. 850 नॅनोमीटरला सबस्ट्रेट प्रकाश गिळून टाकतं, तेव्हा वरूनच काढावा लागतो. आणि वरून काढायचा म्हटलं की धातू पातळ हवा, थोडा प्रकाश त्यातून आरपार गेला पाहिजे. कौशल्य लागतं ते या दुसऱ्या प्रकाराला, त्यामुळे माझा भर त्यावर राहील.

व्हिक्सेलमध्ये आरशांचा एवढा बाऊ का करतात? क्वांटम वेल्स जेमतेम आठ-आठ नॅनोमीटरच्या, त्याही दोन-तीन. प्रकाश उभा जातो, म्हणजे वाढ मिळते ती तेवढ्याच जाडीत. एका पूर्ण फेरीत साधारण टक्काभर वाढ मिळाली तरी पुष्कळ. म्हणजे दोन्ही आरशांनी आणि आतल्या शोषणाने मिळून घालवायचं तेही टक्क्याच्या आतच. नुसत्या गॅलियम आर्सेनाइडच्या पृष्ठभागावरून हवेत जाताना 31 टक्के परावर्तन होतं. कडेने प्रकाश सोडणाऱ्या लेसरला तेवढं पुरतं. व्हिक्सेलला 99 च्या वर लागतं.

आता धातूचा आकडा. इथे एक सापळा आहे. कॅटलॉग उघडला की सोन्यापुढे 98 टक्के लिहिलेलं दिसतं. तो आकडा हवेतून सोन्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा आहे. आपला प्रकाश मात्र गॅलियम आर्सेनाइडच्या आतून सोन्यावर येतो. सूत्र पदवीच्या पुस्तकातलंच आहे: दोन अपवर्तनांकांच्या फरकाचा वर्ग अधिक धातूच्या शोषणांकाचा वर्ग, भागिले अपवर्तनांकांच्या बेरजेचा वर्ग अधिक तोच शोषणांकाचा वर्ग. 980 नॅनोमीटरला सोन्याचा अपवर्तनांक 0.2 आणि शोषणांक 6.3 धरा. हवेतून उत्तर येतं 98 टक्के. हवेच्या 1 च्या जागी गॅलियम आर्सेनाइडचा 3.52 टाका, उत्तर 94.7 वर येतं. म्हणजे दोन टक्क्यांचा तोटा सव्वापाच टक्क्यांवर गेला. हे गणित प्रत्येकाने एकदा स्वतःच्या हाताने करावं असा माझा आग्रह असतो, कारण सॉफ्टवेअरने दिलेला आकडा डोक्यात तसा बसत नाही.

चांदीचं काय? चांदीचा शोषणांक 7 च्या आसपास असतो, त्यावर फारसा वाद नाही. वाद आहे तो अपवर्तनांकावर. प्रसिद्ध तक्त्यांमध्ये तो कुठे 0.04 आहे, कुठे 0.15. आपल्या हिशेबात याने केवढा फरक पडतो पाहा: 0.15 धरला तर गॅलियम आर्सेनाइडच्या आतून परावर्तन 96.6 टक्के येतं, 0.04 धरला तर 99.1. दोन्ही आकडे प्रत्यक्ष मोजलेल्या थरांचे आहेत. फरक थराच्या दर्जाचा आहे: कण केवढे, पृष्ठभाग किती सपाट, निर्वात किती स्वच्छ. म्हणून डिझाइन करताना मी 0.15 धरते. थर त्याहून चांगला निघाला तर ती कमाई.

ॲल्युमिनियम इथे विसरा. 800 ते 850 नॅनोमीटरच्या पट्ट्यात त्याचं परावर्तन हवेतसुद्धा 87 टक्क्यांपर्यंत घसरतं, आणि 980 लाही ते चांदी-सोन्याच्या जवळपास येत नाही. तांबं प्रकाशाच्या दृष्टीने वाईट नाही, पण ते गॅलियम आर्सेनाइडमध्ये शिरतं आणि उपकरणाचं आयुष्य खातं.

नुसता धातू पुरत नाही हे उघड झालं. म्हणून त्याच्या आणि पोकळीच्या (दोन आरशांमधल्या जागेच्या) मध्ये पाव तरंगलांबी जाडीच्या, वेगळ्या अपवर्तनांकांच्या दोन थरांच्या जोड्या, म्हणजे डीबीआर ठेवायचा. 980 ला गॅलियम आर्सेनाइडचा थर 70 नॅनोमीटरचा आणि ॲल्युमिनियम आर्सेनाइडचा 83 चा. अशी प्रत्येक जोडी आरशाची गळती, म्हणजे परत न येणारा प्रकाश, सुमारे 0.7 पट करते. हे एक प्रमाण लक्षात ठेवलं की अंदाज तोंडी करता येतो. मागचा आरसा 99.9 टक्क्यांचा हवा असेल आणि शेवटी नुसती हवा असेल, तर वीस-एकवीस जोड्या लागतात. त्याच जागी जाड सोनं ठेवलं की बाराच पुरतात. प्रत्यक्षात जोड्यांमध्ये शुद्ध ॲल्युमिनियम आर्सेनाइड न वापरता ॲल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइडची मिश्रणं वापरतात. त्यांतला अपवर्तनांकांचा फरक कमी असतो, त्यामुळे दोन्हीकडचे आकडे वाढतात.

नऊ जोड्या वाचल्या म्हणजे काय वाचलं? पी-प्रकारच्या प्रत्येक जोडीच्या सीमेवर होल्सना (करंट वाहणाऱ्या धनभारांना) अडथळा असतो, तेवढा रोध कमी झाला. एपिटॅक्सीचा, म्हणजे वेफरवर अर्धवाहकाचे थर वाढवण्याचा, वेळ वाचला. आणि उष्णता: ॲल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइडच्या मिश्रणाची उष्णतावाहकता अगदी बेताची, शुद्ध गॅलियम आर्सेनाइडच्या 45 वॅट प्रति मीटर केल्विनच्याही बरीच खाली. सोन्याची 318, चांदीची 429. चिप उलटी करून धातूची बाजू हीट-सिंकवर बसवली की उष्णतेला जवळची वाट मिळते. इंडियम फॉस्फाइडवरच्या 1550 नॅनोमीटरच्या लेसरमध्ये हा फायदा सर्वांत मोठा आहे. तिथे अर्धवाहक जोड्यांचे अपवर्तनांक इतके जवळ असतात की चाळीस-चाळीस जोड्या घालाव्या लागतात. म्युनिकच्या वॉल्टर शॉटकी इन्स्टिट्यूटमध्ये मार्कुस-ख्रिश्चन आमान यांच्या गटाने मोजक्या डायलेक्ट्रिक जोड्या आणि त्यांच्यामागे सोनं असा आरसा करून हा प्रश्न सोडवला.

वरून प्रकाश काढायचा असेल तर मात्र "जोड्या वाचल्या" एवढं कारण पुरत नाही, हे मी स्पष्टच सांगते. बाहेर प्रकाश सोडणारा आरसा 99.4 टक्क्यांचा चालतो. तो हवेपर्यंतच्या पंधरा-सोळा जोड्यांनीही होतो. इथे पातळ धातूचा खरा फायदा वेगळा आहे. नेहमीच्या रचनेत वरचा संपर्क कड्यासारखा असतो आणि करंट कडेने आत येतो. छिद्र (प्रकाश बाहेर पडतो ती मधली जागा) जरा मोठं झालं की कडा जळजळीत आणि मध्य उपाशी. अर्धपारदर्शक चांदी सगळं छिद्र झाकते, करंट सगळीकडून सारखा उतरतो. शिवाय धातू एपिटॅक्सीनंतर चढवायचा असल्याने आरशाचं परावर्तन अगदी शेवटी, वेफर हातात आल्यावर जुळवता येतं. मला ही सोय फार मोलाची वाटते. एकदा वाढवलेल्या जोड्या मागाहून वाढवता येत नाहीत, चांदीची जाडी मात्र उद्या सकाळी बदलता येते.

वाटणी कशी ठरते

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. आरशावर पडलेल्या प्रकाशापैकी जो परत येत नाही, त्याचे दोन वाटेकरी असतात. एक बाहेर पडतो, तो आपला. दुसरा धातूत जिरून उष्णता होतो, तो गेला. या दोघांमधली वाटणी धातूच्या पुढे किती जोड्या आहेत यावर अजिबात अवलंबून नसते. जोड्या स्वतः प्रकाश खात नाहीत, त्या फक्त धातूपर्यंत पोचणारा प्रकाश कमी-जास्त करतात. धातूच्या आत विद्युतक्षेत्र कसं उतरत जातं, ते ठरतं धातूची जाडी आणि त्याच्या पलीकडे काय आहे, यावर. बर्निंग आणि टर्नर यांनी 1957 मध्ये ऑप्टिकल फिल्टरसाठी हीच गोष्ट वापरली होती. लेसरलाही ती जशीच्या तशी लागू पडते.

म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवा. थ्रेशोल्ड (लेसर सुरू व्हायला लागणारा किमान करंट) किती हवा, हे जोड्यांनी सोडवा. एफिशियन्सी किती हवी, हे धातूच्या जाडीने आणि त्यावरच्या आवरणाने सोडवा. बहुतेकजण परावर्तन वाढवायला चांदी जाड करतात आणि तिथेच एफिशियन्सी घालवून बसतात.

आकडे पाहा. चांदीचा अपवर्तनांक 0.15, वर हवा. थर 50 नॅनोमीटरचा असेल तर गळणाऱ्या प्रकाशातला फक्त 21 टक्के बाहेर येतो, बाकी चांदीत जिरतो. 30 नॅनोमीटरला 57 टक्के. 20 ला 74 टक्के. चांदी 0.04 च्या दर्जाची असेल तर हेच आकडे 50, 83 आणि 91 होतात. 30 नॅनोमीटरच्या सोन्याचा आकडा 55 टक्के, म्हणजे सामान्य चांदीच्या जवळपास. म्हणून ज्यांच्याकडे चांदीचा थर चांगला येत नाही त्यांना मी सरळ सोनं घ्या म्हणते. ते काळं तरी पडत नाही.

मग 20 च्याही खाली का जाऊ नये? कारण चांदी पृष्ठभागावर आधी बेटं-बेटं करून बसते. ही बेटं एकमेकांना जोडली जाऊन सलग थर व्हायला साधारण 10 नॅनोमीटर तरी लागतात. त्या टप्प्याच्या आसपास शोषण कितीतरी वाढतं आणि करंटही नीट पसरत नाही. 25 ते 30 ही मला भरवशाची पट्टी वाटते.

चांदी पातळ न करताही वाटणी सुधारता येते. चांदीवर पाव तरंगलांबीचा सिलिकॉन नायट्राइडचा थर द्या. अपवर्तनांक 2, जाडी 122 नॅनोमीटर. 30 नॅनोमीटरच्या त्याच सामान्य चांदीतून बाहेर पडणारा वाटा 57 वरून 82 टक्क्यांवर जातो. माझ्या मते या सगळ्या कामात एवढ्या स्वस्तात मिळणारी दुसरी सुधारणा नाही. त्याची किंमत अशी, की आरशाचं परावर्तन 89 वरून 79 टक्क्यांवर उतरतं. ते भरून काढायला 99.4 टक्क्यांच्या लक्ष्यासाठी नऊऐवजी अकरा जोड्या लागतात. दोन जोड्यांत काम झालं.

याचा शेवटी उजेडात काय फरक पडतो ते बघू. आरशाची एकूण गळती 0.6 टक्के, खालचा आरसा आणि आतलं शोषण मिळून 0.4 टक्के धरा. आवरण नसताना 0.6 मधले 0.34 बाहेर येतात, आवरण असताना 0.49. 980 नॅनोमीटरला एका ॲम्पिअरमागे जास्तीत जास्त 1.265 वॅट मिळू शकतात. आत घातलेला प्रत्येक इलेक्ट्रॉन कामी आला असं धरलं, तर स्लोप एफिशियन्सी (थ्रेशोल्डनंतर वाढत्या करंटमागे वाढणारा उजेड) 0.43 वरून 0.62 वॅट प्रति ॲम्पिअर होते. थ्रेशोल्ड तोच राहतो, कारण एकूण गळती तेवढीच आहे.

धातूलगतचा थर

एपिटॅक्सीचा आराखडा पाठवण्याआधी हे तपासा, नंतर इलाज नाही. आदर्श आरशावर प्रकाशाचा निस्पंद बिंदू (जिथे क्षेत्र शून्य असतं) बरोबर पृष्ठभागावर येतो. खऱ्या धातूत क्षेत्र थोडं आत शिरतं, निस्पंद बिंदू पृष्ठभागाच्या पलीकडे सरकतो. जाड चांदीसाठी हे सरकणं गॅलियम आर्सेनाइडच्या मापात सुमारे 21 नॅनोमीटर आहे, सोन्यासाठी 23 च्या जवळ. त्यामुळे धातूला लागून असलेला गॅलियम आर्सेनाइडचा शेवटचा थर नेहमीसारखा 70 नॅनोमीटरचा ठेवून चालत नाही. तो अर्ध्या तरंगलांबीतून, म्हणजे 139 मधून, हे सरकणं वजा करून ठेवायचा: चांदीसाठी 116 ते 119, पातळ थर आणि आवरणाप्रमाणे. 70 चा ठेवलात तर धातूचं आणि जोड्यांचं परावर्तन एकमेकांना साथ देण्याऐवजी विरोध करतं.

या थराचा वरचा भाग जोरात डोप करून (वाहकता वाढवणारी अशुद्धी मिसळून) घ्या. कार्बनने गॅलियम आर्सेनाइड घन सेंटिमीटरला दहाचा विसावा घात इथपर्यंत पी-डोप होतं. एवढं डोपिंग असलं की धातूशी संपर्क टनेलिंगने होतो, तापवून मुरवायची गरज राहत नाही. ही गोष्ट कळीची आहे. नेहमीचे मुरवलेले संपर्क चारशे अंशांच्या आसपास तापवतात. तेव्हा सोनं आणि गॅलियम एकमेकांत विरघळतात, सीमा खडबडीत होते, आणि आरसा म्हणून ती निकामी ठरते. जोरात डोप केलेला थर प्रकाशही खातो, पण तो धातूलगत, निस्पंद बिंदूच्या जवळ असल्याने नुकसान थोडं होतं.

थर चढवताना

सर्वांत मोठी चूक चिकटपणासाठी घातलेल्या थराची. कुठल्याही क्लीनरूममध्ये सोनं-चांदी चढवायची म्हटलं की हात आपोआप आधी टायटॅनियम किंवा क्रोमियमकडे जातो. इथे तो थांबवा. टायटॅनियमचा 2 नॅनोमीटरचा थर, तोही धातूच्या आतल्या बाजूला, जिथे धातूत शिरणारं क्षेत्र सर्वांत जास्त असतं. प्रति नॅनोमीटर टायटॅनियम चांदीच्या दहापट शोषतो. हिशेब केला की हा 2 नॅनोमीटरचा थर अख्ख्या चांदीच्या दुप्पट प्रकाश खातो, म्हणजे एकूण शोषण तिप्पट. क्रोमियम याहून वाईट.

मग चांदी टिकणार कशी? मी दोन मास्क वापरते. पहिल्या मास्कने छिद्राभोवती टायटॅनियम-प्लॅटिनम-सोन्याचं कडं आणि वायर बाँडिंगचा पॅड. दुसऱ्या मास्कने नुसती चांदी: छिद्र झाकणारी आणि कड्यावर पाच-दहा मायक्रॉन चढलेली. पकड कड्यावर मिळते, प्रकाशाच्या वाटेत टायटॅनियम येत नाही. तापवायचं जे काही असेल ते पहिल्या मास्कनंतर उरकून घ्या. चांदी चढल्यावर नमुना तापवायचा नाही, पातळ चांदी उष्णतेने गोळा होते आणि थराला भोकं पडतात.

चांदी चढवण्याआधी गॅलियम आर्सेनाइडवरचा ऑक्साइड काढा. एक भाग हायड्रोक्लोरिक ॲसिडला दहा भाग पाणी, अर्धा मिनिट, डीआय (आयनमुक्त) पाण्याने धुवा, नायट्रोजनने वाळवा, आणि लगेच चेंबरमध्ये. मध्ये चहाला जायचं नाही. गॅलियम आर्सेनाइडमध्ये आर्सेनिक आहे हे कायम ध्यानात ठेवा: हातमोजे, फ्यूम हूड, आणि वापरलेलं द्रावण वेगळ्या बाटलीत.

चेंबरचा दाब दहाचा उणे सहावा घात टॉरच्या खाली जाऊ द्या. घाई असेल तर त्या दिवशी चांदी करूच नका. चांदी थर्मल बोटमधून (विजेने तापणाऱ्या वाटीतून) सहज उडते, ई-बीमचीच (इलेक्ट्रॉनांच्या झोताने तापवण्याची) गरज आहे असं नाही. शटर बंद ठेवून ती आधी पूर्ण वितळू द्या, सुरुवातीला शिंतोडे उडतात ते शटरवर जाऊ देत. मग सेकंदाला अर्धा ते एक नॅनोमीटर या वेगाने चढवा. हळू चढवली तर थर जास्त चांगला येतो, हा समज चांदीच्या बाबतीत उलटा आहे. हळू चढताना चेंबरमधले उरलेसुरले वायू थरात अडकतात आणि शोषण वाढतं.

जाडी दाखवणाऱ्या क्रिस्टल मॉनिटरमध्ये घनता 10.49 आणि झेड-रेशो 0.529 आहे ना, ते पाहून घ्या. आधीच्या माणसाने सोनं चढवलेलं असेल तर 19.3 आणि 0.381 तसेच राहिलेले असतात आणि तुमची जाडी भलतीच निघते. टूलिंग फॅक्टर (मॉनिटरवरची आणि नमुन्यावरची जाडी यांचं प्रमाण) दर काही महिन्यांनी जाड थर चढवून प्रोफायलोमीटरने पडताळा. 30 नॅनोमीटरमध्ये 3 ची चूक म्हणजे वाटणीत पाच-सहा टक्क्यांची चूक.

प्रत्येक वेळी नमुन्याशेजारी काचेचा एक तुकडा साक्षीदार म्हणून ठेवा. बाहेर काढल्याबरोबर त्यावर फोर-प्रोब (चार टोकांनी रोध मोजणारं साधन) टेकवा. चांदीची मूळ रोधकता 1.59 मायक्रोओहम-सेंटिमीटर, त्यावरून 30 नॅनोमीटरला शीट रेझिस्टन्स 0.53 ओहम यायला हवा. पातळ थरात तो जास्तच येतो. 1 ते 2 च्या दरम्यान असेल तर थर सलग आहे, पुढे जा. बराच जास्त असेल तर तो नमुना लेसरपर्यंत नेऊ नका. त्या दिवशीचं निर्वात, बोट, चांदी यांत काहीतरी बिघडलंय. काचेवर आणि गॅलियम आर्सेनाइडवर चांदी अगदी एकसारखी वाढत नाही, पण इशारा म्हणून काच पुरते.

लिफ्ट-ऑफ, म्हणजे रेझिस्ट (लिथोग्राफीतला प्रकाशसंवेदी लेप) विरघळवून त्यावरची नको असलेली चांदी काढणं, ॲसिटोनमध्ये, निवांत, जमल्यास रात्रभर. अल्ट्रासॉनिक लावू नका, टायटॅनियमशिवाय बसलेली चांदी त्यात निघून येते. उरलेला रेझिस्ट काढायला ऑक्सिजन प्लाझ्मा तर मुळीच नको, चांदीचा ऑक्साइड होतो. म्हणून रेझिस्टची भिंत आतल्या बाजूला कललेली राहील याची काळजी लिथोग्राफीतच घ्या.

मी हुपरीची. आमच्या गावात घरोघरी चांदीचं काम चालतं आणि लहानपणापासून पाहिलंय की टंच कितीही चांगला असला तरी उघडा दागिना पावसाळ्यात काळवंडतो. तिथे पॉलिश करून भागतं. इथे अख्खा थरच 30 नॅनोमीटरचा, पॉलिश करायला काही उरत नाही. दोषी तोच: हवेतला गंधक, सोबतीला दमट हवा. म्हणून लिफ्ट-ऑफ झाल्यावर नमुना नायट्रोजनच्या पेटीत, आणि त्याच दिवशी नायट्राइडचं आवरण. आवरण स्पटरिंगने, खोलीच्या तापमानाला द्या. नेहमीच्या पीईसीव्हीडीत (प्लाझ्माच्या मदतीने वायूंपासून थर देण्याच्या पद्धतीत) तीनशे अंशांच्या आसपास जावं लागतं, तिथे पातळ चांदी टिकत नाही. हे आवरण वाटणीही सुधारतं आणि चांदीचं रक्षणही करतं, दोन कामं एका थरात. चिप एकाच्या हातून दुसऱ्याकडे न्यायची असेल तर साध्या पुठ्ठ्याच्या डब्यात किंवा रबर लावलेल्या कशात ठेवू नका, रबरातही गंधक असतो.

मोजताना

99.4 टक्के परावर्तन साध्या रिफ्लेक्टोमीटरने मोजता येत नाही, त्याची चूकच एखाद्या टक्क्याची असते. रिफ्लेक्टोमीटरने फक्त पोकळीचा डिप (परावर्तनाच्या आलेखातला खड्डा) कुठे आहे ते पाहा. धातू चढवण्याआधी आणि नंतर डिप किती सरकला, त्यावरून शेवटच्या थराची जाडी बरोबर होती का ते कळतं. आरशाचा दर्जा खुद्द लेसरलाच विचारायचा, करंट वाढवत नेऊन उजेडाचा आलेख काढून. 980 नॅनोमीटर डोळ्याला दिसत नाही, म्हणून गॉगल घातल्याशिवाय आणि इन्फ्रारेड कार्ड हाताशी ठेवल्याशिवाय प्रोब स्टेशनवर बसू नका.

आलेखातले दोन आकडे एकत्र वाचा. थ्रेशोल्ड अपेक्षेइतका किंवा त्याहून कमी, पण चढही (स्लोप एफिशियन्सी) कमी: एकूण गळती वाढलेली नाही, वाटणी बिघडली आहे. चांदी जाड झाली किंवा आवरण चुकलं. थ्रेशोल्ड वर गेला आणि चढ मात्र चांगला: आरसा सैल आहे, चांदी पातळ झाली, जोड्या कमी पडल्या, किंवा शेवटचा थर चुकीच्या जाडीचा. अशा चिपवर आवरण अजून चढवलं नसेल तर ते पाव तरंगलांबीहून पातळ देऊन परावर्तन थोडं वर ठेवता येतं. थ्रेशोल्ड वर आणि चढही खाली: चांदीचा दर्जाच वाईट, किंवा कुणीतरी सवयीने टायटॅनियम घातलं. साक्षीदार काचेचा शीट रेझिस्टन्स या दोहोंत फरक सांगतो. तो चांगला असेल तर टायटॅनियमचा संशय घ्या.

उष्णतेसाठी वेगळी चाचणी आहे. या लेसरची तरंगलांबी दर अंशाला सुमारे 0.07 नॅनोमीटर वाढते. आधी छोट्या पल्सवर, स्टेजचं तापमान बदलत हा आकडा आपल्या चिपसाठी मोजून घ्या. मग सलग करंटवर तरंगलांबी किती सरकते ते पाहा. सरकणं भागिले तो आकडा म्हणजे आतलं तापमान किती वाढलं, आणि त्याला उष्णता होऊन गेलेल्या वॅट्सनी भागलं की थर्मल रेझिस्टन्स मिळतो. कड्याचा संपर्क असलेली एक चिप त्याच वेफरवर तुलनेसाठी राखून ठेवा, म्हणजे धातूच्या आरशाने किती फरक पडला ते एकाच आलेखात दाखवता येईल. ही तुलना मोठ्या छिद्राच्या चिपवर करा, दहा मायक्रॉनच्या पुढे. लहान छिद्रात कड्यातूनही करंट मध्यापर्यंत बऱ्यापैकी पोचतो, तिथे दोन्ही रचना जवळपास सारख्याच दिसतील.